लेथचे कॅरेज आपोआप का सरकते? कारणे आणि उपाय

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आपल्या नेर, दारव्हा, यवतमाळ भागातली बरीच मुले दहावीनंतर आयटीआयला टर्नर किंवा मशिनिस्ट ट्रेड घेतात. त्यांना हमखास पडणारा एक प्रश्न आज समजून घेऊ.

कॅरेज म्हणजे काय?
लेथवर जॉब चकमध्ये फिरतो आणि टूल कॅरेजवर बसलेले असते. कॅरेज बेडवरून डावी-उजवीकडे सरकते. त्याला चालवणाऱ्या गोष्टी तीन: हाताचे चाक, ऑटो फीडसाठी फीड रॉड आणि आटे पाडताना लीड स्क्रू. लीड स्क्रूला पकडतो तो हाफ नट. स्क्रूची पिच 6 मिमी असेल, तर त्याच्या एका फेऱ्यात कॅरेज 6 मिमी सरकते.

नको असताना सरकले तर?
फेसिंग करताना टूल बाहेरून मध्याकडे जाते. कापण्याचा जोर कॅरेजला चकपासून मागे ढकलतो. ते थोडे थोडे मागे गेले की जॉबच्या मध्यभागी फुगवटा राहतो. वर्गात हे कंपासवर दाखवा. कंपास ढिला असेल तर वर्तुळाचा शेवट सुरुवातीला मिळत नाही. इथेही तसेच होते. पण कॅरेज चकच्या दिशेने सरकले, तर नुसता जॉब बिघडत नाही. टूल फिरत्या चकवर आदळू शकते, आणि मूल तर समोरच उभे असते.

दोष कसा शोधायचा?
टूल चकपासून दूर ठेवा. सगळे लिव्हर न्यूट्रल करा. डायल गेज मॅग्नेटिक स्टँडने बेडवर बसवून त्याचे टोक कॅरेजला टेकवा आणि मशीन रिकामे चालवा.

1. काटा एका दिशेने सरकत गेला, तर मशीनच कॅरेजला ओढते आहे. हाफ नट पूर्ण सुटला नसेल, त्यात चिप्स अडकल्या असतील किंवा एप्रनमधला फीड क्लच सुटत नसेल.
2. काटा स्थिर राहतो, पण कापताना कॅरेज हलते, तर ते लॉक केलेले नाही किंवा गिब ढिली आहे.

उपाय
आधी मेन स्विच बंद. हाफ नट आणि लीड स्क्रू ब्रशने साफ करून तेल द्या. चिप्स हाताने काढू नका. क्लचचे काम सरांनी किंवा मेकॅनिकनेच करावे.

गिब आवळताना एक लक्षात ठेवा. जुन्या मशीनचा बेड चकजवळ जास्त झिजलेला असतो. तिथे गिब घट्ट केली, तर टेलस्टॉककडे कॅरेज अडकते. म्हणून कमी झिजलेल्या भागात बसवून पाहा.

फेसिंग, पार्टिंग, ग्रूव्हिंग करताना कॅरेज लॉक आवळा आणि फेसिंगचा कट कंपाउंड स्लाइडने द्या. लांबीचे टर्निंग सुरू करण्याआधी लॉक आठवणीने सोडा. लॉक आवळलेले असताना ऑटो फीड लावले, तर एप्रनचे गिअर तुटू शकतात.

आणि हो, लॉक हा क्लचच्या दोषावरचा इलाज नाही. रिकाम्या मशीनवर कॅरेज स्वतःहून चालत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत त्या मशीनवर मुलांना उभे करू नका. पालकांनीही मुलाला सहज विचारावे, "बेटा, मशीन सुरू करण्याआधी लिव्हर न्यूट्रल आहेत का, ते पाहतोस ना?"