दूरदेशीची मंदी आणि शेतमालाचा भाव

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात भाव कोसळले. पुढे दोन-तीन वर्षांत त्या मंदीची झळ खानदेशातील कापूस पिकविणाऱ्यासही पोहोचली. असे का व्हावे? कापूस जगाच्या बाजारात विकला जातो. बँका बुडाल्या, व्यापाऱ्यांस मिळणारे कर्ज आटले, गिरण्यांची मागणी घटली आणि भाव उतरले. अमेरिकेत १९२९ साली कापसास पौंडामागे सुमारे १७ सेंट मिळत. १९३१ साली ६ सेंटही मिळेनात.

कर्जाचा भार का वाढतो?

समजा, मणास १० रुपये भाव असताना एखाद्याने १०० रुपये कर्ज काढले. ते फेडण्यास १० मण माल पुरला असता. भाव ५ रुपयांवर आला की त्याच मुद्दलासाठी २० मण घालावे लागतात. कर्ज व सारा रुपयांत ठरलेले असतात. भाव उतरला म्हणून ते उतरत नाहीत.

तीन देश, तीन मार्ग

अमेरिकेने १९३३ साली कायदा करून लागवड कमी करणाऱ्यास मोबदला दिला. त्या वर्षी सुमारे १ कोटी एकरांतील उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. भाव सावरले, परंतु मोबदला मुख्यतः जमीनमालकांच्या हाती पडला व अनेक कुळे जमिनीस मुकली.

सोव्हिएत रशियात उत्पादन सरकारी योजनेनुसार चाले, म्हणून कारखान्यांत बेकारी पसरली नाही. मात्र परदेशी यंत्रांसाठी धान्य विकावे लागे आणि धान्याचे भाव तर पडलेले. सक्तीची सामुदायिक शेती व धान्यवसुली यांमुळे १९३२-३३ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे दगावली.

हिंदुस्थानात ब्रिटिश सरकारने रुपयाचा दर १८ पेन्सच ठेवला. तो उतरविला असता तर निर्यातीच्या मालास अधिक रुपये मिळाले असते. सारा रोखीने द्यावयाचा असल्याने अनेक कुटुंबांनी घरातील सोने मोडले. मुंबई इलाख्यात शेतकरी कर्जदारांना दिलासा देणारा कायदा १९३९ साली, म्हणजे दहा वर्षांनी झाला.

२००८ च्या जागतिक संकटात अनेक सरकारांनी बँकांना त्वरित भांडवल पुरविले व व्याजदर उतरविले. तरीही त्या वर्षाच्या उत्तरार्धात जागतिक बाजारात शेतमालाचे भाव घसरलेच.

ग्रामसेवकांनी काय सांगावे?

१. तेजीच्या वर्षाचा भाव धरून दीर्घ मुदतीचे कर्ज काढू नये. भाव निम्मा झाला तरी हप्ता फिटेल काय, हे आधी पाहावे.

२. सर्व जमीन एकाच नगदी पिकाखाली न घालता घरापुरते धान्य व चारा पिकवावा.

३. कर्ज शक्यतो सहकारी सोसायटीतून घ्यावे व प्रत्येक भरण्याची पावती जपून ठेवावी.

जगाचा बाजार शेतकऱ्याच्या हाती नाही. कर्ज किती काढावे, हे मात्र बव्हंशी त्याच्या हाती आहे.