नकाशावरील खूण आणि तिचा आधार

हिंगोली जिल्ह्यातील बुद्धविहारांची नोंद संगणकीय नकाशावर व्हावी, ही उपासक-उपासिकांची इच्छा स्तुत्य आहे. मात्र नकाशावर खूण करणे म्हणजे अमुक वास्तू अमुक ठिकाणी आहे अशी साक्ष देणे होय. ती चुकली तर पुढच्या प्रत्येक प्रतीत चूक उतरत जाते.

विषुववृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण अंतर अक्षांश सांगतो, तर ग्रीनिचच्या रेषेपासूनचे पूर्व-पश्चिम अंतर रेखांश. हिंगोली शहर सुमारे १९ अंश ४३ मिनिटे उत्तर व ७७ अंश ९ मिनिटे पूर्व येथे आहे. संगणक ही संख्या बहुधा दशांशात मागतो. एका अंशाची ६० मिनिटे असल्याने मिनिटांना ६० ने भागावे लागते; तेव्हा १९.७२ व ७७.१५ हे आकडे मिळतात. भागाकार टाळून १९.४३ व ७७.०९ असेच लिहिले, तर खूण सुमारे ३२ किलोमीटर दक्षिणेस सरकून औंढा नागनाथच्याही पलीकडे, वसमतच्या बाजूस पडते. आमच्याच एका यादीत हा प्रमाद घडला होता. नकाशा सुबक दिसत असल्यामुळे तो कित्येक दिवस कोणाच्या ध्यानात आला नाही. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल त्या मानाने बरी. तीत हिंगोली थेट स्वालबार्डजवळच्या ध्रुवीय समुद्रात जाते आणि चूक तत्काळ उघडी पडते! दशांशचिन्हापुढे दोनच अंक दिल्यास सुमारे एक किलोमीटरची संदिग्धता राहते. चार अंकांनी ती दहा-अकरा मीटरांवर येते. विहारास तेवढे पुरेसे आहे.

खरी अडचण प्राचीन स्थळांची आहे. इ. स. च्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने पैठण व तगर, म्हणजे आजचे तेर, यांना आकडे दिले होते. त्यांनुसार तगर पैठणच्या ईशान्येस पडते. प्रत्यक्षात तेर पैठणच्या आग्नेयेस आहे. सुत्तनिपातातील पारायणवग्गाच्या आरंभीच्या गाथा असे आकडे देतच नाहीत. बावरी हा आचार्य अस्सकांच्या प्रदेशात, अळकाच्या शेजारी, गोदावरीतीरी राहत होता, आणि त्याचे सोळा शिष्य पतिट्ठान, महिस्सती, उज्जेनी, वेदिसा अशा मार्गाने भगवंतांच्या भेटीस गेले, एवढेच त्या सांगतात. पतिट्ठान म्हणजे पैठण; तेथे निःशंकपणे खूण करावी. परंतु बावरीच्या आश्रमाचे काय? तो आपल्या परिसरात दाखविण्याचा मोह मराठवाड्यातील अभ्यासकास होतो, आम्हांसही झाला. वस्तुतः गोदावरी आजच्या हिंगोली जिल्ह्यातून वाहत नाही; जिल्ह्यातील पूर्णा पुढे परभणी जिल्ह्यात तिला मिळते. आश्रमाला चार दशांशांचा आकडा जोडला की अनुमानाला मोजमापाचे रूप येते, आणि पुढचा वाचक त्यालाच पुरावा मानतो. अशा ठिकाणी बिंदू न देता नदीकाठचा पट्टा रंगवावा व 'गाथांवरून अनुमान' असे शेजारी लिहावे.

उभ्या विहाराची नोंद करताना मात्र घरी बसून अंदाज करू नये. दारासमोर, आकाश मोकळे असेल तेथे उभे राहून भ्रमणध्वनीवरील आकडे स्थिर होऊ द्यावेत, ते दिनांकासह वहीत उतरावेत, आणि नकाशावर भरल्यानंतर दुसऱ्या व्यक्तीकडून वहीशी पडताळून घ्यावेत.