रोटाव्हेटरचा शाफ्ट : आधी माप, मग खरेदी



मृग लागला की आपल्या सिहोरा भागात पऱ्हे टाकण्याची लगबग सुरू होते आणि पऱ्हे तीन आठवड्यांचे झाले की चिखलणीला एक दिवसही थांबता येत नाही. अशा वेळी रोटाव्हेटरचा पी.टी.ओ. शाफ्ट तुटला, तर रोवणीच्या बायांची टोळी धुऱ्यावर बसून राहते, बांधीतले पाणी मुरते आणि पऱ्ह्यांचे वय वाढत जाते. वय झालेल्या पऱ्ह्याला फुटवे कमी येतात, हे तुम्हाला सांगायला नको. मग घाईघाईने तुमसर गाठायचे, "रोटाव्हेटरचा शाफ्ट द्या" म्हणायचे आणि दुकानदार देईल तो आणून लावायचा, असे होते. खरे नुकसान इथेच होते. बैल बदलले तर सुतार जू नव्याने मापून घेतो. मग ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर यांच्यामधला शाफ्ट न मोजता कसा चालेल?

हा शाफ्ट म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या आणि दोन टोकांना दोन क्रॉस. रोटाव्हेटर वर-खाली होतो तेव्हा नळ्या सरकून लांबी कमी-जास्त करतात आणि क्रॉस वाकून जोर पुढे नेतात. जोर किती, तर ३० अश्वशक्ती जेव्हा मिनिटाला ५४० फेऱ्यांनी जाते, तेव्हा एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ४० किलो वजन लटकवावे एवढा पीळ शाफ्टला बसतो. बांधीत दगड किंवा खुंट लागला तर याच्या कितीतरी पट. म्हणून "चालून जाईल" हा शब्द येथे कामाचा नाही.

आमच्या पाहण्यात एका गावी असे झाले की, आणलेला शाफ्ट तीन बोटे लांब होता. चिखलात रोटाव्हेटर खाली असताना तो बरा चालला. धुऱ्यापाशी रोटाव्हेटर उचलला, नळ्या एकमेकींच्या बुडाला टेकल्या आणि सरकायला जागाच उरली नाही. सगळा रेटा गिअर बॉक्सवर गेला व त्याचे कवच तडकले. शाफ्ट साबूत, गिअर बॉक्स गेला! रोवणी थांबली ती वेगळीच. आखूड शाफ्टची गोष्ट याहून वाईट. रोटाव्हेटर खोल उतरला की नळ्या सुटतात आणि सुटलेला अर्धा भाग गरगर फिरत ट्रॅक्टरला आणि माणसालाही मारतो.

तेव्हा लांबी कशी मोजायची ते नीट पाहा. सपाट जागेवर ट्रॅक्टर उभा करून रोटाव्हेटर तीन सांध्यांना जोडा. शाफ्ट लावू नका. इंजिन बंद करा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा. रोटाव्हेटर उचललेला असेल तर त्याखाली लाकडी ओंडके द्या, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कोणी हात घालू नये. ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. दांड्यावर कुलुपाच्या पिनेसाठी गोल खाच असते, तशीच गिअर बॉक्सच्या दांड्यावरही असते. या खाचेपासून त्या खाचेपर्यंत टेप धरा. दोन्ही दांडे एकमेकांच्या समोर, एका पातळीत आले की अंतर बहुधा सर्वांत कमी भरते. ते लिहून घ्या. मग रोटाव्हेटर पूर्ण खाली आणि पूर्ण वर ठेवून पुन्हा मोजा. यातले सर्वांत जास्त अंतरही लिहा. आपल्या बांध्या लहान, धुरे उंच, त्यामुळे यंत्राला खाली-वर फार करावे लागते. अंगणातल्या एकाच मापावर विसंबू नका.

सर्वांत कमी अंतरावरही नळीच्या बुडाशी इंच-दीड इंच मोकळी जागा राहिली पाहिजे. सर्वांत जास्त अंतरावर नळीचा निदान तिसरा हिस्सा दुसरीत असला पाहिजे. म्हणजे नळी ६० सें.मी. असेल तर २० सें.मी. आत. शाफ्ट लांब पडत असेल तर कापता येतो, पण आतली व बाहेरची नळी सारखीच कापावी आणि वरचे प्लॅस्टिकचे कव्हरही तेवढेच. काठ कानशीने घासून गुळगुळीत करा, कीस पुसून काढा आणि ग्रीस लावून जोडा. आखूड शाफ्टला मात्र तुकडा वेल्ड करून लांब करू नका. तो नीट सरळ राहत नाही व थरथर सुरू होते.

लांबीनंतर क्रॉस. दुकानात गाडीचे नाव सांगून भागत नाही. टोपीचा व्यास आणि टोपीपासून समोरच्या टोपीपर्यंतची लांबी, ही दोन्ही मापे हवीत. ३०.२ मि.मी. व्यासाचा क्रॉस ८० मि.मी. लांबीचाही मिळतो आणि ९२ मि.मी. लांबीचाही. एकच आकडा सांगाल तर चुकीचा माल हाती येईल. कॅलिपर नसेल तर लेथवाल्याकडून मोजून घ्या. पी.टी.ओ.चा दांडा बहुतेक ठिकाणी ३५ मि.मी. जाडीचा व ६ खाचांचा असतो, पण २१ खाचांचेही दांडे आहेत, म्हणून खाचा मोजाच. नळी तिकोनी आहे, लिंबाच्या आकाराची आहे की चौकोनी, हेही पाहा. एका कंपनीची बाहेरची आणि दुसरीची आतली, अशी जोडी लावण्याच्या भानगडीत पडू नका.

जोडताना एक बारीकशी गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना दोन कानांचे चिमटे, म्हणजे योक असतात. नळ्यांवरचे हे दोन योक एकाच रेषेत हवेत. क्रॉस ३० अंशांत वाकला असेल तर पी.टी.ओ. ५४० फेऱ्यांनी एकसारखा फिरत असूनही पुढचा भाग एका फेरीत दोनदा ४६८ पर्यंत मंद आणि दोनदा ६२४ पर्यंत जलद होतो. दुसरा क्रॉस हा झटका भरून काढतो, पण योक एका रेषेत असले आणि दोन्हीकडचा वाक सारखा असला तरच. वाक सारखा करायला टॉप लिंक कमी-जास्त करावी. शिअर बोल्ट किंवा क्लचचे टोक रोटाव्हेटरकडे ठेवा आणि तुटलेल्या शिअर बोल्टाच्या जागी पोलादी बोल्ट ठोकू नका. तो तुटण्यासाठीच केलेला असतो.

वळणावर रोटाव्हेटर उचलण्यापूर्वी पी.टी.ओ. बंद करा. चिखलात आठ तास काम झाले की क्रॉसला ग्रीस द्या.

आता कव्हराविषयी. ते फुटले की काढून फेकण्याची सवय पडली आहे, ती घातक आहे. ५४० फेऱ्या मिनिटाला म्हणजे सेकंदाला ९. सहा सें.मी. जाडीची नळी सेकंदाला सुमारे पावणेदोन मीटर कापड गुंडाळते. पदर, दुपट्टा, धोतराचा सोगा सोडवायला वेळच मिळत नाही. याच शाफ्टवर पुढे धानाचे मळणीयंत्रही चालवाल, तेव्हा तर आसपास बायामुले असतात. शक्तीवर चालणाऱ्या मळणीयंत्रांसाठी धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा १९८३ साली उगीच झालेला नाही. नवा शाफ्ट घेताना कव्हर व त्याच्या साखळ्या मागूनच घ्या.

दुकानात जाताना तुटलेला शाफ्ट सोबत न्या. कमी अंतर, जास्त अंतर, खाचांची संख्या, क्रॉसची दोन मापे आणि नळीचा आकार एका चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी पावसात भिजते, म्हणून हेच आकडे रोटाव्हेटरच्या पत्र्यावर आतल्या बाजूने रंगाने लिहून ठेवावेत.