मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर आणि घड्याळ

एका डिसेंबरात आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील निवर्तले. मुलगा न्यूयॉर्कला. 'रविवारी सकाळी ११ च्या विमानाने निघतो, साडेचौदा तास लागतील,' असा त्याचा निरोप आला. आम्ही हिशेब केला : रात्री दीडला मुंबई, तेथून नऊ तासांत गाव. अंत्यविधी सोमवारी सकाळी ११ ला ठरला आणि पारही पडला. त्या घटकेस त्याचे विमान मुंबईला पोहोचायला तासभर अवकाश होता. हिशेब करणाऱ्यांत इतिहास शिकविणारा मीही होतो, म्हणून हे टिपण.

प्रथम अंतर. भिंतीवरच्या नकाशात मुंबई-न्यूयॉर्क सरळ रेघ ओढली, तर ती अरबस्तान, इजिप्त, सहारा, मोरोक्को ओलांडून अटलांटिकमध्ये शिरते. ही वाट सुमारे १४,२०० किलोमीटरची. आता शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. तुर्कमेनिस्तान, रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलँड आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून उतरतो. ही वाट सुमारे १२,५०० किलोमीटरच भरते. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, त्यामुळे जवळची वाट नकाशावर वाकडी दिसते. मुले हा प्रयोग दरवर्षी दोनदा करून पाहतात, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसत नाही. प्रत्यक्ष विमान मात्र दोऱ्यावरूनच जाते असे नाही. वारा पाहून मार्ग ठरतो आणि एखाद्या देशाचे आकाश बंद असले, तर वळसा पडतो.

ताशी ९०० किलोमीटर वेग धरल्यास चौदा तास पुरावेत. तथापि जाताना सुमारे सोळा तास लागतात, येताना कमी. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते छातीवर येतात, येताना पाठीशी असतात. (१९१३ साली बाबासाहेब याच न्यूयॉर्कला शिकण्यासाठी गेले ते बोटीने, तेव्हा गणित तासांचे नव्हते, आठवड्यांचे होते.)

आमची चूक याहून साधी होती. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची, न्यूयॉर्कची पंचाहत्तर अंश पश्चिमेची. मधले अंतर १५७.५ अंश, म्हणजे ६३० मिनिटे, साडेदहा तास. मार्च ते नोव्हेंबर या काळात तेथील घड्याळे तासभर पुढे करतात, तेव्हा फरक साडेनऊ तासांचा होतो.

विमान सुटले तेव्हा तेथे रविवारची सकाळ होती. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. त्यात साडेचौदा तास मिळविले की सोमवारची दुपार, बारा. आम्ही तेथील अकराला आपले अकरा समजलो.

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची छापतात. ते तिकीट मोबाइलवर मागविता आले असते. कुणाला सुचले नाही. मुलगा घरी आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते.