सरहद्दीचा बट्टा

सात रुपये मोजून द्यावेत आणि हातात सहा पडावेत, असा व्यवहार बीड जिल्ह्यातल्या माणसांनी स्वातंत्र्यापूर्वी कितीदा तरी केला असेल. त्यात लबाडी कोणाचीच नव्हती. बीड निजामाच्या मुलखात होते आणि निजामाचे नाणे निराळे, हाली सिक्क्याचे. आष्टी-पाटोद्याच्या पलीकडे नगर जिल्हा लागला की इंग्रजांचा कलदार सुरू होई. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा ठरीव भाव होता. म्हणजे पुण्याच्या एखाद्या मासिकाची वर्गणी सहा रुपये असली, तर ती अंबाजोगाईच्या वाचकाला सातला पडायची.

अर्थशास्त्री म्हणेल, हाली रुपयाचे मोलच मुळी कमी, मग यात तोटा कसला? खरे आहे. पण ज्याची मिळकत हालीत आणि हौस कलदारात, त्याला तो सातवा रुपया टोचल्यावाचून राहत नाही. व्यापारी भाषेत याला बट्टा म्हणतात. हाली सिक्का केव्हाच इतिहासजमा झाला. मात्र कलेच्या आणि विद्येच्या व्यवहारात सरहद्द ओलांडायची म्हटले की लहान गावाला आजही बट्टा द्यावा लागतो. त्याची ही हकीकत.

पोथी इकडची, छापखाना तिकडचा

इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांच्या शोधात गावोगाव हिंडत. ज्ञानेश्वरीची एक प्राचीन पोथी त्यांना सापडली ती बीडच्या पाटांगणात. तिच्या आधारे त्यांनी सिद्ध केलेली ज्ञानेश्वरी १९०९ साली छापून निघाली आणि मराठी भाषेच्या अभ्यासाला नवे वळण लागले. त्या वेळी पोथी निजामाच्या राज्यात होती आणि तिचा संशोधक इंग्रजी अमलाखालचा. इकडच्यांनी पोथी शतकानुशतके जपली, तिकडच्याने ती जगापुढे मांडली. या भागीदारीमागे ना कोणते सरकारी खाते होते, ना दात्याचा करारनामा. एका फकिरी वृत्तीच्या विद्वानाची पायपीट आणि स्नेह्यांचे साहाय्य, एवढेच काय ते भांडवल.

दुसरी वाट भक्तीची. अंबाजोगाई म्हणजे तेव्हाचे मोमिनाबाद. मराठीच्या आद्य ग्रंथांत गणल्या जाणाऱ्या विवेकसिंधूचे कर्ते मुकुंदराज आणि प्रचंड ग्रंथरचना करणारे दासोपंत, या दोघांची ही भूमी. इथली योगेश्वरी कोकणस्थांची कुलदेवता आहे. त्यामुळे राज्य कोणाचेही असो, कोकणातली आणि पुण्यातली कुटुंबे बालाघाटाचा डोंगर चढून कुळाचार करायला येतच राहिली. देवीपुढे पडलेला कलदार हाही सरहद्द ओलांडून आलेला पैसाच होता; फक्त त्याला कोणी अनुदान म्हटले नाही.

पुढे काळ कठीण आला. १९२९ साली निजाम सरकारची कुप्रसिद्ध गश्ती क्रमांक ५३ निघाली. साधी सभा भरवायची तरी सरकारी परवानगी हवी. अशा हवेतही १९३१ साली खुद्द हैदराबादेत ज्ञानकोशकार केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले! त्या काळात अंबाजोगाईच्या शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुले घडवीत होते. परवाना सरकारचा, पण हिंमत आणि वर्गणी लोकांची, असा तो जमाना होता.

सरहद्द पुसली, सवय राहिली

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. सरहद्द पुसली; मात्र लोकांनी एकत्र येऊन पदरमोड करण्याची सवय काही सुटली नाही. १९८३ साली अंबाजोगाईने साहित्य संमेलन भरवले, अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. १९९८ साली परळीत संमेलन झाले, अध्यक्ष द. मा. मिरासदार. यशवंतराव चव्हाणांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ अंबाजोगाईत नोव्हेंबरअखेर समारोह भरू लागला. त्यात एका मांडवाखाली कविता, शास्त्रीय गाणे आणि शेतीची चर्चा नांदते. नांगर आणि तानपुरा यांत वैर मानणाऱ्यांनी तो एकदा अवश्य पाहावा.

आता नजर जरा दूर टाकू. मराठी रंगभूमीने देशाच्या सरहद्दीही ओलांडल्या आहेत. १९७३ साली पूर्व जर्मनीचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ आणि विजया मेहता यांनी मिळून ब्रेख्तचे नाटक 'अजब न्याय वर्तुळाचा' या नावाने मराठीत उभे केले. १९८० साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीचे 'घाशीराम कोतवाल' विरोध आणि कोर्टकचेरी पार करून युरोपात गेले. १९८६ साली याच संस्थेने बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरच्या धर्तीवर 'छान छोटे वाईट मोठे' हे बालनाट्य आणले.

या सगळ्यात आमच्या दृष्टीने मोलाची गोष्ट निराळीच आहे. १९८५ ते १९९४ या काळात अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने थिएटर अकॅडमीने नाटककारांसाठी आणि ठिकठिकाणच्या नाट्यसंस्थांच्या विकासासाठी योजना चालवल्या. पैसा अमेरिकेतला, कारभार पुण्यातला, आणि दृष्टी पुण्यामुंबईबाहेरच्या रंगकर्मींकडे. मोठ्या संस्थेने कागदपत्रांचे ओझे वाहावे आणि लहान संस्थेने नाटक करावे, अशी ही सोयीची वाटणी.

एका पत्राची गोष्ट

समजा, अंबाजोगाईच्या एखाद्या हौशी नाट्यसंस्थेला आज बर्लिनहून पत्र आले: 'आपण मिळून एक नाटक करू, निम्मा खर्च आम्ही पाठवतो.' गावात पेढे वाटले जातील! दुसऱ्या दिवशी चिटणीस हिशेबनीसाकडे जाईल आणि तिथे त्याला कायदा भेटेल.

परदेशी देणगीचा पहिला कायदा १९७६ चा, सध्याचा २०१० चा, आणि २०२० साली तो अधिक कडक झाला. नोंदणीसाठी संस्था निदान तीन वर्षांची हवी आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या कार्यावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. वर्षाकाठी दोन एकांकिका आणि एक व्याख्यानमाला करणाऱ्या संस्थेने १५ लाख आणायचे कुठून? नोंदणी नसेल तर ठरावीक दात्याच्या ठरावीक रकमेसाठी पूर्वपरवानगी मागता येते. पण तीही दिल्लीहून. पैसे उतरायचे तेही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या संसद मार्गावरील शाखेतच. कारभारावरचा खर्च पूर्वी निम्म्यापर्यंत चाले. आता पाचवा हिस्सा.

आणि सर्वांत मोठी अडचण पुढेच. २०२० पासून एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पुण्याच्या संस्थेने पैसे घ्यावेत आणि त्यातला वाटा अंबाजोगाईला धाडावा, ही वाटच बंद झाली. परक्या पैशाचा माग लागला पाहिजे, हे सरकारचे म्हणणे गैर नाही. पण चाळणीची भोके इतकी बारीक केली की खड्यांबरोबर दाणेही वरच अडकतात. अडकतात ते दाणे बहुधा बीडसारख्या जिल्ह्यातले. हा आजचा बट्टा.

मग उपाय?

उपाय जुन्या व्यवहारातच सापडतो. राजवाड्यांनी पाटांगणाला देणगी दिली नाही आणि मागितलीही नाही. ज्याने त्याने आपापला भार उचलला. तसेच आजही करता येईल. पाहुण्यांनी आपले तिकीट आपण काढावे. इथला मुक्काम, भाकरी आणि मांडव यजमानांनी द्यावा. परत जाताना नाटक दोघांचे असावे आणि कर्ज कोणाचेच नसावे. दुसरे असे की केलेल्या कामाचा रीतसर मेहनताना ही देणगी नव्हे. कलावंतांनी कसबाचे दाम मागायला संकोचू नये, फक्त जाणत्या हिशेबनीसाचा सल्ला आधी घ्यावा. तिसरे, जिल्ह्यातल्या चारपाच संस्थांनी मिळून एकच भक्कम संस्था उभारावी. एकट्याला जड जाणारे १५ लाख पाचांनी एकाच नावाने, एकाच हिशेबात खर्च केले तर तीन वर्षांत गाठता येतील. त्यासाठी अध्यक्षपदाचा मोह पाच जणांपैकी चौघांना सोडावा लागेल. कायद्यापेक्षा हेच कलम अवघड!

निम्मा खर्च जो स्वतः उचलतो तो भागीदार होतो, आणि जो सगळाच खर्च दुसऱ्यावर टाकतो त्याला नाटकही दुसऱ्याच्याच मनासारखे करावे लागते. सातवा रुपया सोसून पुण्याचे मासिक मागवणारा तो जुना वाचक आश्रित नव्हता. तो वर्गणीदार होता. या दोन शब्दांतले अंतर आमच्या संस्थांनी ओळखले तर पुष्कळ झाले.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिदिनाच्या मुहूर्तावर, बीडहून अहिल्यानगरकडे आगगाडी सुटली. ज्या वाटेवर एके काळी नाणे बदलावे लागे, तिथे आता एका तिकिटात पलीकडे जाता येते. रूळ पडायला पिढ्या गेल्या, पण पडले. नाटकाच्या पेट्या त्या गाडीत चढवायला मात्र सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही.