नोकरी सांभाळून सॉफ्टवेअरचा अभ्यास

पनवेल तालुक्यांतील बेलपाड्याहून रोज लोकलनें मुंबईस कामाला जाणाऱ्या गृहस्थास घरच्या अभ्यासावर सॉफ्टवेअरच्या व्यवसायांत शिरतां येईल काय?

अच्युत गोडबोले यांनीं १९७२ सालीं मुंबईच्या आय. आय. टी.ची पदवी घेतली ती रसायन अभियांत्रिकीची. पुढें ते सॉफ्टवेअरच्या मोठ्या कंपन्यांचे प्रमुख झाले. तेव्हां निराळी पदवी हा अडसर नव्हे. शिक्षकांचीहि वाण नाहीं, आय. आय. टी. संस्थांचीं व्याख्यानें एन. पी. टी. ई. एल. योजनेंतून घरीं विनामूल्य ऐकतां येतात.

खरी अडचण पुढेंच आहे. ऐकलें म्हणजे समजलें, असा भास होतो. पण पोहण्याचें पुस्तक वाचून कोणी विहीर तरलेला नाहीं. म्हणून पायथन भाषेंत घरखर्चाचा हिशेब करणारा लहानसा प्रोग्राम स्वतः लिहावा. रकमेच्या जागीं अक्षर पडलें कीं तो अडतो. तो कां अडला हें शोधून सुधारणें, हाच या व्यवसायाचा गाभा होय.

असा प्रोग्राम दुसऱ्या कोणाच्या नित्य उपयोगीं पडूं लागेपर्यंत हातची नोकरी सोडूं नये. पगार थांबला कीं अभ्यासास लागणारें मनःस्वास्थ्य प्रथम जातें.