झाडाचा अर्क आणि उंदराची परीक्षा

आमच्या अवसरी खुर्दात पारावर एकदा बोलणे निघाले. एकाचा भाऊ दोन महिने गप्प असतो. जेवत नाही, झोपत नाही, बटाट्याच्या लावणीला हात लावत नाही. कोणी म्हणाले, "ब्राह्मीचा रस पाजा. उंदरांवर तिची परीक्षा झालीय." ही परीक्षा असते तरी कशी? चला, आपण समजून घेऊ.

आधी झाडाचा पाला सावलीत वाळवतात. त्याची पूड पाण्यात किंवा मद्यार्कात भिजत घालतात. गाळलेले पाणी आटवले की उरतो तो अर्क.

मग उंदरांचे गट पाडतात. एका गटाला नुसते पाणी पाजतात. दुसऱ्याला थोडा अर्क, तिसऱ्याला जास्त. चौथ्याला उदासीवरचे ठाऊक असलेले औषध देतात. नुसत्या पाण्याचा गट कशाला? नवे खत पारखायचे तर एक वाफा बिनखताचा ठेवावा लागतो. तसेच हे.

नंतर एकेक उंदीर पाण्याच्या उंच भांड्यात सहा मिनिटे सोडतात. त्याला बाहेर निघता येत नाही. तो आधी धडपडतो, मग दमून नुसता तरंगतो. किती वेळ तरंगला, ते घड्याळ लावून मोजतात. उदासीवरचे औषध घेतलेला उंदीर जास्त वेळ धडपडतो. अर्कानेही तसे झाले, तर त्यात गुण असावा असा अंदाज करतात. ही रीत पोर्सोल्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९७७ साली मांडली.

पण हा अंदाजच. चहा-कॉफीतल्या तरतरी आणणाऱ्या द्रव्यानेही उंदीर जास्त हलतो. शिवाय उंदराला कर्जाची काळजी नसते. माणसाला गुण येतो का, हे माणसांवर पारखल्याशिवाय कळत नाही.

सर्पगंधेचेच पाहा. या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडले. १९५२ साली तिच्यातून रेसरपिन हे औषध वेगळे काढले गेले. पुढे ते घेणारे काही रोगी उदास झाल्याच्या नोंदी झाल्या. मग शास्त्रज्ञ रेसरपिन देऊन उंदीर सुस्त करू लागले आणि त्याच्यावर उदासीची नवी औषधे पारखू लागले! म्हणजे झाडपाला आहे, अपाय करणार नाही, असे समजू नये.

मग त्या भावाचे काय करावे? तो आळशी नाही. त्याला बाहेरची बाधाही नाही. हा मनाचा आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. त्याला टोचून बोलू नका. मंचरच्या सरकारी रुग्णालयात न्या. पाला पाजत असाल तर डॉक्टरांना तसे सांगा. सरकारचा १४४१६ हा फुकट दूरध्वनी २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे. मरणाची भाषा निघाली, तर एक घटकाही एकटे सोडू नका.

सांगा पाहू :
१. एका गटाला नुसते पाणी का पाजतात?
२. आपल्या घरी असे कोणी गप्प बसले, तर आपण काय कराल?